‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ इतका संथ असूनही लोकांना का भावतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांचा 1968 चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ जाणकार डोक्यावर घेतात, म्हणून आपण तो शेवटपर्यंत पाहिला, परंतु पहिली दहा-बारा मिनिटे तीन माणसे रेल्वे स्थानकावर नुसती ताटकळत बसलेली दिसली, पुढचे प्रसंगही लांबतच गेले, आणि सूडाची कथा तर आपल्याला नवी नव्हतीच. मग एवढे कौतुक कशाचे, आणि आपल्या पाहण्यात काही कमी पडले का, असे आपण विचारले आहे.

मी व्यवसायाने चित्रपट-संकलक आहे आणि अधूनमधून विद्यार्थ्यांना संकलन शिकवते. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचे नाही. शॉट कुठून सुरू करायचा आणि कुठे कापायचा, हा प्रश्न रोज समोर असलेल्या व्यक्तीचे ते आहे. आपण चित्रपट पाहिला असल्यामुळे मी शेवटासह सर्व काही उघडपणे लिहिणार आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहावा आणि मग हे वाचावे.

आपली तक्रार कथेविषयी असल्यासारखी वाटते, परंतु माझ्या मते ती वेळेविषयी आहे. कथा साधी आहे हे लिओनेही नाकारणार नाहीत. बर्नार्दो बर्तोलुच्ची आणि दारियो आर्जेंतो या तेव्हाच्या दोन तरुणांबरोबर बसून त्यांनी ही गोष्ट रचली, ती जुन्या अमेरिकन वेस्टर्नपटांतील ओळखीचे प्रसंग मुद्दाम गोळा करून. रेल्वे येते आहे, तिच्या मार्गात एका कुटुंबाची जमीन आहे, भाडोत्री मारेकरी ते कुटुंब संपवतो, एक विधवा मागे उरते आणि एक अनोळखी माणूस जुना हिशेब चुकता करायला येतो. यातले काहीही नवे नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की एवढ्या ओळखीच्या गोष्टीला पावणेतीन तास का लागले, आणि त्या वेळाचे चित्रपटाने काय केले. याचे उत्तर पटले तर आपल्याला चित्रपट आवडेल; नाही पटले तर आवडणार नाही, आणि त्यात आपला दोष नाही.

त्याआधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. आपण तो फोनवर पाहिल्याचे लिहिले आहे. या चित्रपटाची चौकट उंचीच्या सुमारे 2.35 पट रुंद आहे, आणि तिच्या दोन टोकांना दोन माणसे व मधे रिकामे माळरान अशी रचना त्यात वारंवार येते. फोनवर ती माणसे मुंगीएवढी होतात आणि मधले अंतर, ज्यात सगळा ताण असतो, ते केवळ रिकामी जागा वाटते. जुन्या दूरचित्रवाणी संचांसाठी कडा छाटलेल्या प्रतींत तर समोरचा माणूसच नाहीसा होत असे. दुसरी बाब आवाजाची. फोनच्या स्पीकरवर या चित्रपटाचा अर्धा भाग ऐकूच येत नाही, आणि का ते मी पुढे सांगते. तिसरी बाब प्रतीची. अमेरिकेत 1969 मध्ये प्रदर्शित झाल्यावर तेथील प्रेक्षकांसाठी पॅरामाउंट या स्टुडिओने सुमारे वीस मिनिटांना कात्री लावली; मूळ लांबी सुमारे 165 मिनिटे होती. छाटलेली प्रत अधिक गतिमान व्हायला हवी होती, पण ती अधिक गोंधळाची झाली आणि तिथे चालली नाही. फ्रान्समध्ये मात्र हाच चित्रपट जवळपास दीड कोटी लोकांनी तिकीट काढून पाहिला. लांबी हाच दोष असता तर असे घडले नसते.

आता त्या स्थानकाच्या प्रसंगाकडे येते. लांब धूळकोट घातलेली तीन माणसे एका उजाड स्थानकात शिरतात, म्हाताऱ्या कर्मचाऱ्याला कोंडतात आणि गाडीची वाट पाहू लागतात. हे बंदूकबाज आहेत आणि कोणाला तरी मारायला आले आहेत, एवढे आपल्याला पहिल्या मिनिटातच कळते. नेहमीच्या हिशेबाने येथे माहिती संपली, म्हणून दृश्यही संपायला हवे. माझ्या टेबलावर असे दृश्य आले तर निर्माता पहिली सूचना हीच देईल की लगेच गाडीवर जा.

लिओने आणि त्यांचे संकलक निनो बाराल्यी गाडीवर जात नाहीत. ते काय करतात ते क्रमाने पाहा. तिघांपैकी एक, नट वुडी स्ट्रोड, पाण्याच्या टाकीखाली उभा राहतो आणि त्याच्या तुळतुळीत डोक्यावर पाण्याचा थेंब पडतो. तो बाजूला सरकत नाही; टोपी घालतो, आणि थेंब टोपीवर टपटपू लागतात. दुसरा, जॅक एलम, बाकावर रेलतो आणि एक माशी त्याच्या दाढीच्या खुंटांवरून, ओठांवरून फिरू लागते. हात वापरण्याचाही कंटाळा असावा तसा तो ओठ वाकडे करून, फुंकर मारून तिला हुसकत राहतो. तिसरा, अल म्यूलॉक, गुरांच्या पाण्याच्या डोणीजवळ बसून एकेक बोट मोडत राहतो. तारयंत्र खडखडू लागते तेव्हा एलम त्याची तार उपटून काढतो आणि कटकट थांबवतो. त्या सगळ्याच्या मागे तेल न घातलेली पवनचक्की संथपणे करकरत असते. अखेरीस माशी भिंतीवर बसते, एलम पिस्तुलाची नळी तिच्यावर टेकवतो, नळीच्या तोंडावर बोट ठेवतो आणि आत कोंडलेल्या माशीची गुणगुण कान लावून ऐकतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे बालिश समाधान पसरते, ते पाहून या माणसाला जीव घेणे म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना येते. संवादाचा एक शब्दही त्यासाठी लागलेला नाही. गाडीची शिटी ऐकू येते, माशी सुटते, स्ट्रोड टोपी काढून काठात साचलेले पाणी पिऊन टाकतो आणि तिघेही आपापल्या जागी उभे राहतात.

मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवते. तेव्हा त्यांना तो आपल्यासारखाच लांबट वाटतो. मग पडदा झाकून फक्त आवाज ऐकवते. तेव्हा वर्गात कोणी हलत नाही. करकर, टपटप, गुणगुण, बोटांचा कडकड आवाज, मधेच वारा : हे सगळे एकमेकांवर इतक्या जाणीवपूर्वक रचलेले आहे की ते संगीतच होते. इटलीत त्या काळी चित्रपटांचा आवाज बहुधा चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित होत नसे. निरनिराळ्या देशांचे कलावंत आपापल्या भाषेत बोलत आणि संपूर्ण ध्वनी नंतर स्टुडिओत बसवला जाई. सामान्य दिग्दर्शकासाठी ही अडचण होती, लिओने यांच्यासाठी ती मोकळीक ठरली. पडद्यावरचा प्रत्येक आवाज कोणीतरी निवडून तिथे ठेवलेला आहे, आणि म्हणून जो ठेवलेला नाही त्याचीही जाणीव होते. या प्रसंगासाठी पार्श्वसंगीताचा विचार आधी झालेला होता. संगीतकार एन्नियो मोरिकोने यांनी लिओने यांना फ्लॉरेन्समधील एका प्रायोगिक मैफलीची हकिकत सांगितली, जिच्यात एक जण व्यासपीठावर येऊन शिडी करकरवत राहिला होता आणि तेच वादन होते. संगीत काढून टाकून नुसत्या आवाजांवर हा प्रसंग तोलण्याच्या निर्णयामागे ती हकिकत होती. मला हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण आपल्याकडे मोरिकोने यांच्या तोलाचा संगीतकार असताना त्याला सुरुवातीलाच गप्प बसवायला दिग्दर्शकाला खरे धैर्य लागते आणि संगीतकाराला मोठे मन लागते.

दुसरा प्रयोगही मी करून पाहिलेला आहे, आणि कोणीही संगणकावर करून पाहू शकतो. हा सगळा प्रसंग दोन मिनिटांत बसवायचा. माहिती एकही गळत नाही. तिघे आले, गाडी आली, कोणीच उतरले नाही असे वाटून ते परत फिरले, पाठीमागून माउथ ऑर्गनचा सूर आला, गाडी निघून गेली आणि रुळांपलीकडे चार्ल्स ब्रॉन्सन, म्हणजे हिशेब चुकता करायला आलेला तो अनोळखी माणूस, उभा दिसला. माझ्यासाठी घोडा आणला का, असे तो विचारतो. एक घोडा कमी पडतो आहे, असे ते हसत म्हणतात. दोन जास्त आणलेत, असे तो उत्तरतो. गोळीबार होतो आणि चौघेही कोसळतात. मूळ चित्रपटात हा गोळीबार अंगावर येतो. माझ्या दोन मिनिटांच्या तुकड्यात तो कोणत्याही मारामारीसारखा निघून जातो. फरक असा की मूळ दृश्यात आपण या तिघांबरोबर राहिलेलो असतो. त्यांची सवय, कंटाळा, उकाडा हे सर्व आपल्याला ठाऊक झालेले असते, आणि ती सगळी ओळख काही सेकंदांत पुसली जाते. गोळीबार पूर्वीइतकाच छोटा असतो. त्याला वजन आधीच्या प्रतीक्षेने दिलेले असते.

विलंबित ख्याल मन लावून ऐकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. समेवर येण्याआधीचा तो पसरलेला काळ ऐकणाऱ्याला रिकामा वाटत नाही, कारण सम येणार हे त्याला माहीत असते आणि गायक ती कधी, कशी गाठतो याकडे त्याचे लक्ष असते. लिओने प्रेक्षकाकडून नेमके हेच मागतात. काय होणार हे ते आधीच सांगून टाकतात आणि मग ते व्हायला वेळ लावतात. आपण ‘पुढे काय’ या उत्सुकतेने पाहिले असेल तर चित्रपटाने आपल्याला फार काही दिले नसणार, कारण त्या उत्सुकतेसाठी तो बनलेलाच नाही.

दुसरा प्रसंग, मॅकबेन कुटुंबाच्या हत्येचा, यावरून आणखी एक गोष्ट दिसते. ब्रेट मॅकबेन नव्या पत्नीच्या स्वागतासाठी अंगणात जेवणाची टेबले मांडून घेतो आहे. मुलगी गुणगुणते आहे, थोरला मुलगा आईला आणायला स्थानकावर निघाला आहे. झुडपांत रातकिडे एकसुरात किरकिरत आहेत. अचानक ते थांबतात. मॅकबेन मान वर करतो. काही नाही. किरकिर पुन्हा सुरू होते, सगळे कामाला लागतात, आणि ती पुन्हा थांबते. माळावरून पाखरांचा थवा उडतो, मुलगी त्याच्याकडे पाहून हसते, आणि गोळीचा आवाज होतो. रानावनात वावरलेल्या कोणालाही विचारा : किडे गप्प झाले की कोणीतरी जवळ आहे. येथे मारेकऱ्यांच्या आगमनाचा शॉट नाही, टापांचा आवाज नाही, इशारा देणारे संगीत नाही. धोक्याची चाहूल आवाज थांबवून दिली आहे. यासाठी आधी तो आवाज आपल्या कानांत पुरेसा मुरलेला असावा लागतो, आणि त्यालाच वेळ लागतो.

धाकटा मुलगा घरातून धावत बाहेर येतो आणि समोर आपल्या माणसांची प्रेते पाहतो, त्या क्षणी मोरिकोने यांचे पार्श्वसंगीत चित्रपटात पहिल्यांदा फुटते, विजेच्या गिटारचा कर्कश स्वर घेऊन. एवढा वेळ ते राखून ठेवल्यामुळे त्याचा आघात शरीराला जाणवतो. झुडपांतून धूळकोट घातलेली माणसे चालत येतात, कॅमेरा त्यांच्या म्होरक्याच्या पाठीमागून फिरत पुढे येतो आणि आपल्याला हेन्री फोंडा यांचा चेहरा दिसतो.

येथे आपल्या आणि 1968 च्या प्रेक्षकाच्या अनुभवात मोठे अंतर आहे, आणि ते मान्य करायला हवे. फोंडा म्हणजे अमेरिकन पडद्यावरची सचोटी होती. 1939 मध्ये त्यांनी तरुण अब्राहम लिंकनची भूमिका केली, 1940 मध्ये स्टाइनबेकच्या कादंबरीतील टॉम जोडची, 1946 मध्ये वायट अर्प या कायदारक्षकाची. त्या निळ्या डोळ्यांवर एका पिढीचा विश्वास होता. या भूमिकेसाठी येताना खलनायक शोभावा म्हणून फोंडा तपकिरी लेन्स आणि मिशा लावून आले होते आणि लिओने यांनी त्या काढायला लावल्या, ही हकिकत फोंडा यांनीच पुढे सांगितलेली आहे. लिओने यांना तेच निळे डोळे हवे होते, कारण त्या डोळ्यांनी लहान मुलाकडे हसून पाहायचे होते आणि गोळी झाडायची होती. एक साथीदार या म्होरक्याला ‘फ्रँक’ म्हणून हाक मारतो; आता नाव उच्चारलेस म्हटल्यावर उपाय नाही, अशा अर्थाचे बोलून फ्रँक पिस्तूल काढतो. मूल मरताना दिसत नाही. गोळीचा आवाज आगगाडीच्या किंकाळीत मिसळतो आणि आपण थेट फ्लॅगस्टोन स्थानकात पोहोचतो, जिथे त्या मुलाची नवी आई गाडीतून उतरते आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी फोंडा यांना आधी नायक म्हणून पाहिलेले नसते, त्यामुळे पहिला धक्का आपल्यापर्यंत अर्धाच पोहोचतो. गोळी आणि गाडी यांना जोडणारा तो कट मात्र कोणत्याही पूर्वज्ञानाशिवाय पोहोचतो, कारण ज्या रेल्वेसाठी हे मूल मारले गेले तिचाच आवाज त्याच्या मृत्यूवर झाकण घालतो.

हा कट आपल्याला ओळखीचा वाटला असेल तर त्याला कारण आहे. 1975 च्या ‘शोले’मधील ठाकुराच्या कुटुंबाचे हत्याकांड याच प्रसंगावरून घडवलेले आहे, आणि तिथेही गब्बरने मुलावर पिस्तूल रोखल्यानंतर आपण ठाकुराला घेऊन येणाऱ्या गाडीवर जातो. ‘शोले’चे संकलन एम. एस. शिंदे यांनी केले. नऊ नामांकने मिळूनही त्या चित्रपटाला त्या वर्षी मिळालेला एकमेव फिल्मफेअर पुरस्कार त्यांचा होता, ही गोष्ट माझ्या व्यवसायातील मराठी माणसे अजूनही अभिमानाने सांगतात. ‘शोले’ने लिओने यांच्याकडून शांतता उचलली, तिथे ती अंगणातल्या झोपाळ्याच्या करकरीने भरलेली आहे. जयच्या ओठांवरचा माउथ ऑर्गन मात्र निराळ्या कामी आला. लिओने यांच्याकडे ते वाद्य सूडाची आठवण आहे, तर ‘शोले’त राधा दिवे मालवत असताना जय ते वाजवतो आणि ते न बोललेल्या प्रेमाचे होते. आपल्याला ‘शोले’मधला तो झोपाळा लांबट वाटला नव्हता ना? मग लिओने यांची पद्धत आपल्याला मुळात परकी नाही.

संगीताविषयी एक व्यावहारिक माहिती द्यायला हवी, कारण तिच्यावाचून या चित्रपटाची लय कळत नाही. पार्श्वसंगीत बहुधा शेवटी तयार होते. चित्रपट कापून झाला की संगीतकार त्याच्या लांबीनुसार रचना बसवतो. येथे मोरिकोने यांनी मुख्य रचना चित्रीकरणाच्या आधीच तयार केल्या होत्या आणि लिओने सेटवर त्या वाजवत असत. नट त्या सुरांवर चालले, वळले, थांबले. कॅमेराही. मॅकबेनची नवी पत्नी जिल, म्हणजे क्लॉडिया कार्डिनाले, गाडीतून उतरते, फलाटावर कोणीही घ्यायला आलेले नसते, ती स्थानकातल्या घड्याळाकडे पाहते आणि संगीत हलकेच सुरू होते. ती कार्यालयात जाऊन काही विचारते. आपण बाहेर उभे राहून खिडकीतून ते पाहतो, शब्द ऐकू येत नाहीत. ती पलीकडच्या दाराने बाहेर पडते, कॅमेरा क्रेनवरून छपरावर चढतो, गायिका एद्दा देल्लोर्सो यांचा शब्दांवाचूनचा आवाज त्याच क्षणी वर झेपावतो आणि छपरापलीकडे उभारत असलेले अख्खे शहर उघडे होते. एक बाई एकटी आहे आणि तिच्याभोवती एक देश घडतो आहे, हे दोन्ही एका हालचालीत सांगितले गेले. संकलक म्हणून मला येथे करण्यासारखे काहीच नाही आणि त्याचा मला आनंदच होतो. तो शॉट संगीताने आधीच मोजून दिलेला आहे.

चेहऱ्यांबाबत तांत्रिक कारण थोडक्यात सांगते. हा चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाला. तिच्यात एका चौकटीला फिल्मवरील चारऐवजी दोनच छिद्रांची उंची लागते, म्हणून निगेटिव्ह निम्मीच खर्च होते. हजार फुटांचे जे रीळ एरवी सुमारे अकरा मिनिटे चालते ते येथे बावीस मिनिटे चालते. रुंद पडद्यासाठी लागणारी खास भिंगे टाळून साधी भिंगे वापरता येत असल्यामुळे कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ नेता येतो. छायाचित्रकार तोनीनो देल्ली कोल्ली यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत पडदा भरून टाकणारे जे चेहरे टिपले, त्यांत सुरकुती, घाम आणि धूळ दिसते. लिओने त्यांना भूभागाइतकाच वेळ देतात. अमेरिकेतील मोन्युमेंट व्हॅलीचे डोंगर आणि ब्रॉन्सन यांचे डोळे ते सारख्याच संथपणे दाखवतात, आणि ही तुलना त्यांनी हेतुपूर्वक केलेली आहे असे मला वाटते.

आता शेवटच्या द्वंद्वाकडे. संपूर्ण चित्रपटभर ब्रॉन्सन यांच्या मनात अधूनमधून एक धूसर आकृती दुरून चालत येताना दिसते. फ्रँक त्याला वारंवार विचारतो की तू कोण, आणि तो स्वतःचे नाव न सांगता फ्रँकने मारलेल्या माणसांची नावे सांगतो. द्वंद्वात दोघे समोरासमोर उभे राहिल्यावर ती आकृती पहिल्यांदा स्पष्ट होते : तरुण फ्रँक. तो एका मुलाच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. कॅमेरा मागे जातो आणि दिसते की मुलाच्या खांद्यांवर त्याचा थोरला भाऊ उभा आहे, भावाच्या गळ्यात कमानीला बांधलेला फास आहे, आणि मुलाचे गुडघे टेकताच भाऊ मरणार आहे. भाऊच अखेर त्याला लाथेने दूर करतो. मूल धुळीत कोसळते, माउथ ऑर्गन तोंडातून निसटतो, आणि त्याच क्षणी वर्तमानात गोळी सुटते. मरणाऱ्या फ्रँकने पुन्हा ‘तू कोण’ म्हणून विचारल्यावर ब्रॉन्सन तेच वाद्य त्याच्या दातांमध्ये सरकवतो.

याच ठिकाणी चित्रपटाने घेतलेला सगळा वेळ परत मिळतो. त्या वाद्याचा बेसूर, रडवा स्वर आपण दीर्घकाळ ऐकत आलेलो असतो. तो असा का वाजतो हे आता कळते, कारण तो मुळात गुदमरणाऱ्या मुलाचा श्वास होता. वादक फ्रांको दे जेमिनी यांनी तो स्वर वाजवतानाच त्यात ते भरून ठेवले होते. ही आठवण मध्यावर उघड केली असती तर कथा अधिक स्पष्ट झाली असती आणि द्वंद्व पोकळ झाले असते. संकलनात एखादी गोष्ट हातची राखून ठेवणे सोपे असते. ती राखून ठेवली आहे याची प्रेक्षकाला सतत, अगदी थोडी आठवण देत राहणे अवघड असते. हे काम येथे इतक्या नेमकेपणाने झाले आहे की मी ते दृश्य अजूनही कामाच्या आधी अभ्यास म्हणून पाहते.

संथपणाला आणखी एक कारण आहे आणि ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते : पाणी. स्ट्रोडच्या टोपीवर पडणाऱ्या थेंबापासून सुरुवात करा. मॅकबेनने स्वीटवॉटर नावाची उजाड जमीन का घेतली? त्या परिसरात पाणी फक्त तिथेच होते, आणि वाफेच्या इंजिनाला पाण्यावाचून पुढे जाता येत नाही. रूळ कुठूनही आले तरी इंजिन तिथे थांबणारच, म्हणजे स्थानक तिथेच होणार. रेल्वेमालक मॉर्टन हाडांच्या क्षयाने खंगलेला आहे. अटलांटिकपासून निघालेला हा माणूस मरण्याआधी पॅसिफिक महासागर पाहू इच्छितो, आपल्या डब्यात समुद्राचे चित्र लावून ठेवतो, आणि अखेर चिखलाच्या डबक्याशी सरपटत जाऊन मरतो, तेव्हा पडद्यावर लाटांचा आवाज येतो. शेवटी जिल रूळ टाकणाऱ्या मजुरांना पाणी पाजायला बाहेर पडते. बंदूकबाजांचा काळ संपून रेल्वेचा काळ कसा आला, हे या चित्रपटाने भाषणातून कुठेही सांगितलेले नाही. थेंब, विहीर, डबके आणि घागर यांतून सांगितले आहे. घाईत पाहिले तर या चार गोष्टी एकमेकींना जोडल्या जात नाहीत.

आपल्या नाराजीत तथ्य असलेल्या जागाही आहेत. मधला भाग, म्हणजे जिलच्या जमिनीच्या लिलावापासून मॉर्टनच्या माणसांनी फ्रँकवर उलटण्यापर्यंतचा, मला सैल वाटतो. मॉर्टनने पैसे चारून फ्रँकचीच माणसे फोडली आणि ब्रॉन्सन फ्रँकला वाचवतो तो केवळ त्याला स्वतःच्या हाताने मारता यावे म्हणून, हे इतके त्रोटक सांगितले आहे की पहिल्या वेळी बहुतेकांचा गोंधळ उडतो. जिलच्या वाट्याला आलेले प्रसंगही आज खटकतात. फ्रँकबरोबरचा तिचा प्रसंग ज्या नजरेने चित्रित केला आहे ती नजर तिची नाही, आणि शेवटी मजुरांनी अंगचटी केली तर काही झालेच नाही असे समज, असा शायेन या दरोडेखोराने तिला दिलेला सल्ला मला प्रत्येक वेळी टोचतो. चित्रपटाचा खरा कणा ती आहे, शेवटी तीच उरते, तरी पटकथा तिच्याशी पुरेशी न्यायाने वागत नाही. या चित्रपटावरचे माझे प्रेम हे सगळे पाहूनच आहे.

थोडक्यात सांगायचे तर, कथा साधी ठेवून लिओने यांनी आपले सगळे भांडवल प्रतीक्षेत गुंतवले. त्या प्रतीक्षेत आवाज, चेहरे आणि संगीत काम करत असतात, आणि त्यांतले एक जरी प्रेक्षकापर्यंत पोहोचले नाही तर उरते ती नुसती लांबी. आपण फोनवर, फोनच्याच स्पीकरवर पाहिले, म्हणजे तीनांपैकी दोन गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, असा माझा अंदाज आहे.

पुन्हा पाहावा का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की लगेच संपूर्ण पाहू नका. मिळेल तेवढा मोठा पडदा आणि चांगले हेडफोन घ्या, प्रत 165 मिनिटांच्या आसपासची आहे याची खात्री करा, आणि इटालियन किंवा इंग्रजी, कोणतीही भाषा चालेल, कारण दोन्हींत आवाज नंतरच बसवलेला आहे. सुरुवात स्थानकापासून न करता मॅकबेनच्या अंगणापासून करा आणि जिल शहरात शिरेपर्यंत पाहा. या एवढ्या भागात रातकिडे थांबल्याचे आपल्या कानांना जाणवले आणि क्रेन छपरावर चढताना आपण थोडे सरसावून बसलात, तर एखाद्या सुटीच्या दिवशी दुपारी, मधे न थांबता, पहिल्या थेंबापासून पूर्ण चित्रपट पाहा. तसे काही झाले नाही तर लिओने यांचा 1965 चा ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ आधी पाहा. त्यात हीच पद्धत आहे, एका खिशातल्या घड्याळाची सुरावट वाजण्यावर द्वंद्वे तोललेली आहेत, पण कथा अधिक वेगाने सरकते, आणि लिओने यांची लय अंगवळणी पडायला तो अधिक सोपा आहे.